बाल्तासाराची जागा

"फेर्मिनभाऊ, ती माझी आई आहे," रुफिना म्हणाली.

मी गुडघे टेकून बसलो होतो. समोर दगडी लादीवर काळं फडकं, त्यावर पाव, पावाशेजारी मेणबत्ती. आमच्याकडे माणूस गेलं की चर्चच्या फरशीत त्या घराची जी लादी असते तिच्यावर वर्षभर दर रविवारी पाव आणि मेण ठेवतात. हे काम बायकांचं. घरात बाई उरली नसेल तर पुरुष ठेवतो, लोक यायच्या आत, आणि मागे जाऊन उभा राहतो. माझी बायको बाल्तासारा गेल्यापासून मी एक रविवार चुकवला नव्हता. रुफिना आमच्याच वाड्यात खालच्या मजल्यावर राहते. सदऱ्याचं बटण उघडं राहिलंय असं सांगावं तशा आवाजात तिने मला हे सांगितलं. मी विचारलं, कोण आई. तिने बोट लादीकडे केलं.

"ही. इतके रविवार तुम्ही माझ्या आईला जेवू घालताय. जिवंतपणी तिला कुणी एवढा पाव घातला नव्हता. मी गप्प बसले, म्हटलं दुःख ताजं आहे. पण आता गवंडी येणार. एकदा वर विटा बसल्या की चूक कायमची."

मी उठलो नाही. मला राग आला आणि तो आधी तिच्यावरच आला. इतके रविवार ही बाई मागच्या रांगेतून बघत होती, आणि माझी कीव करत होती. मला कुणी शिव्या दिल्या तर चालतं, पण कीव सोसत नाही. मी म्हटलं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, बाल्तासारा इथेच बसायची, कोकरू कोरलेल्या खांबाला लागून. रुफिना म्हणाली, बसायची, पण शेवटच्या हिवाळ्यात. पाठ टेकायला खांब हवा म्हणून माझ्याकडे जागा मागितली तिने. तुमची लादी ही नव्हे. मग कुठली, असं मी विचारलं तेवढ्यात घंटा झाली आणि पाद्री वेदीपाशी आला. रुफिना म्हणाली, मिस्सा झाल्यावर दाखवते. मी फडकं, पाव आणि मेणबत्ती तिथेच टाकून मागे पुरुषांत जाऊन उभा राहिलो. रुफिना आपल्या आईवर बसली आणि माझा पाव तिने नीट सरळ करून ठेवला.

आमच्या चर्चमध्ये बाकं नाहीत. बायका खाली बसतात, जिची तिची माणसं जिथे पुरली आहेत तिथे. लाद्यांवर नावं नाहीत. नावं श्रीमंतांच्या भिंतीवर. बायकांना नाव लागत नाही, शेजारीण कोण हे त्यांना ठाऊक असतं, शेजारणीची शेजारीण ठाऊक असते. पुरुष मागे उभे राहतात, टोपी हातात घेऊन. त्यांना पाठी दिसतात. लग्न झाल्यापासून मी रविवारी बाल्तासाराची पाठ बघत आलो. काळी शाल, शालीखाली माझ्याच हातचा शिंगाचा कंगवा, त्यामुळे डोक्यामागे शाल जरा वर उचललेली. त्या उंचवट्यावरून मी तिला ओळखायचो. दगड मी कधी बघितला नाही. दगड कोण बघतो. आमची लेक पास्कुआला वारली, नंतर तिच्या पाठचा मुलगा गेला, दोन्ही वेळा लादी उचलली तेव्हा मी तिथे होतो, पण तेव्हा मी खड्ड्यात बघत होतो, खड्डा कुठल्या खांबापासून किती लांब आहे हे बघत नव्हतो. मग बाल्तासारा त्या दोघांवर बसायला लागली. बसायची म्हणजे नुसती बसायची नाही. फडकं पसरायची, त्याच्या चुण्या हाताने काढायची, लहान मुलाचं अंथरूण नीट करावं तशी. मी मागून बघायचो.

तिलाही तिथेच ठेवायचं होतं. तिचं दुसरं काही मागणं नव्हतं. ताप चढला तेव्हा म्हणाली, मला पोरांपाशी ठेवा. मी म्हटलं, गप्प पड, सूप पी. पण हो म्हटलं मी. आणि ती गेली त्याच्या आधीच हुकूम निघाला होता. चर्चमध्ये कुणाला पुरायचं नाही. तटाबाहेर, फुएंकारालच्या दरवाजापलीकडे नवी दफनभूमी बांधली आहे, सगळ्यांना तिकडे न्यायचं. हुकूम जुनाच, म्हाताऱ्या राजाचा. तो मेला, त्याचा मुलगा आला, कुणी ऐकलं नाही. पाद्र्यांनी ऐकलं नाही, लोकांनी ऐकलं नाही, सरदारांनी तर नाहीच. मग फ्रेंचांचा बादशहा आला, त्याने आपला भाऊ आमच्या गादीवर बसवला, आणि या परक्या राजाने तो जुना कागद झटकून काढला आणि अंमलात आणला. शहरात लोक त्याला दारुडा म्हणतात, त्याच्या सैनिकांच्या पाठीत सुरे खुपसतात, पण त्याची गाडी माझ्या दारात आली तेव्हा एकानेही हात वर केला नाही. मीही केला नाही. सकाळी गाडी आली, वरून ताडपत्री. बाल्तासाराच्या आधी तिच्यात आणखी दोघं होती. तटाबाहेर एक लांब भिंत, भिंतीत भट्टीच्या तोंडासारखी भोकं, एकावर एक. त्यातल्या एकात तिला डोक्याकडून सरकवलं आणि गवंड्याने विटा लावून तोंड बंद केलं. तो शिट्टी वाजवत होता. पाव ठेवायला जागा नाही. भोक माझ्या डोक्याच्या वर आहे. तिथे कोणी बसणार कसं, आणि कशावर.

कासियानो म्हणतो, काका, त्यात शास्त्र आहे. कासियानो बाल्तासाराच्या भावाचा मुलगा. नव्या राजाच्या कचेरीत कामाला आहे, गळ्याला फ्रेंच पद्धतीचा पांढरा रुमाल बांधतो. गल्लीतली पोरं त्याच्यावर घोड्याची लीद फेकतात. तो तरीही माझ्याकडे येतो, त्याचं मला बरं वाटतं आणि रागही येतो. तो म्हणतो, उन्हाळ्यात चर्चमध्ये काय वास मारतो, तुम्हाला येत नाही का? त्या हवेनेच ताप पसरतात. आत्याला काय झालं असं वाटतं तुम्हाला? मला वास येत नाही हे खरं आहे. मी शिंग तापवून कंगवे करतो, जन्मभर जळक्या शिंगात नाक घालून बसलोय, मला कसलाच वास येत नाही. कदाचित त्याचं खरं असेल. पोरांची हवा आईला लागली असेल. मी त्याला म्हटलं, असेल. मग मागच्या महिन्यात त्या मार्किस सरदाराची आई गेली ती कुठे ठेवली? तो गळ्याचा रुमाल सारखा करायला लागला. मी म्हटलं, बोल ना. जोगिणींच्या मठात, तळघरात, गाण्यासकट. तिचा वास येत नाही का?

"काका, ती जुन्या घराण्यांना दिलेली सवलत आहे. सगळं एका दिवसात होत नाही."

"माझं मात्र एका सकाळीत झालं."

तो म्हणाला, तुम्ही रागात आहात. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, हे राजे निदान लोकांच्या भल्याचं बघतात. माझा राग नेमका त्यावरच आहे हे मला त्याला सांगता आलं नाही. मी शिकलेला नाही. वाईटासाठी कोणी घरात घुसला तर त्याला हाकलता येतं, शेजारी मदतीला येतात. भल्यासाठी घुसला तर सगळे दाराशी उभे राहून तुलाच समजावतात. माझ्या बापाची गोष्ट मी कासियानोला सांगितली नाही. मी लहान होतो. हाच तो म्हातारा राजा तेव्हा तरुण होता, नवा होता, त्याने शहरात दिवे लावले, रस्ते झाडून घेतले, आणि लांब झगा व मोठ्या काठाची टोपी घालायची नाही असा हुकूम काढला, कारण त्याखाली चोर तोंड लपवतात. बाप मला हाताला धरून बाजारातून येत होता. एका दारात शिपाई उभे आणि त्यांच्याबरोबर एक शिंपी, कात्री घेऊन. बापाला आत ओढलं. बाहेर आला तेव्हा झगा गुडघ्याच्या वर होता, कडा तिरकी, कापलेला तुकडा त्याच्या हातात. शिंप्याने तो परत दिला होता, राजा चोर नव्हता ना. पुढे त्यावरून शहरात दंगल झाली, माणसं मेली, मंत्री पळाला, झगे मात्र आखूडच झाले. बापाने मरेपर्यंत तो झगा शिवून घेतला नाही, बदललाही नाही. आई म्हणायची, अहो, निदान कडा तरी दुमडून घ्या. तो म्हणायचा, असू दे. दिसू दे. लोकांना तो वेडा वाटायचा. मला लाज वाटायची त्याची.

मिस्सा चालू होती. बायकांच्या पाठींच्या ओळी. गवंड्यांनी आणलेल्या विटा दाराशी रचून ठेवल्या होत्या आणि चुन्याची पिंपं. पाद्र्याने वेदीवरून पुन्हा सांगितलं की ही शेवटची मिस्सा जुन्या फरशीवरची. उद्यापासून लाद्यांच्या फटी चुन्याने बुजतील, वर विटांची सपाट फरशी होईल, स्वच्छ, एकसारखी. मृतांसाठी प्रार्थना कुठूनही पोचते, असं तो म्हणाला. एक म्हातारी मोठ्याने रडली. माझ्या शेजारचा न्हावी पुटपुटला की प्रार्थना कुठूनही पोचते तर मग ह्यांची दक्षिणा का इथेच पोचवावी लागते. दोघे हसले. मी हसलो नाही. मी बायकांच्या पाठी बघत होतो आणि त्यात एक उचललेली शाल शोधत होतो.

लोक गेले. रुफिना थांबली. तिने आपल्या आईवरचा माझा पाव उचलून मला दिला, मेणबत्ती दिली, आणि मला घेऊन बाजूच्या वेदीकडे गेली, भिंतीपासून दुसरी लादी. म्हणाली, ही. एक कोपरा तुटलेला. मला काहीही आठवलं नाही. मी त्या लादीकडे बघून वाट पाहिली की आता काहीतरी आत हलेल, आणि काही हललं नाही. ती दुसऱ्या कोणाचीही असू शकली असती. तरी मी खाली बसलो आणि फडकं पसरलं. माझ्या हाताला चुण्या काढता येत नव्हत्या.

मेलितोन झाडू घेऊन आला. घंटा वाजवतो, झाडतो, खड्डे खणतो तो हा. त्याला घाई होती, गवंड्यांसाठी जागा मोकळी करायची होती. तो म्हणाला, इथे पाव ठेवून काय उपयोग. मी म्हटलं, माझी पोरं आहेत. तो म्हणाला, "कसली पोरं आहेत, फेर्मिन? ही ओळ मी मोठ्या बर्फाच्या वर्षी उपसली. जागा नव्हती. सगळी हाडं मागच्या खड्ड्यात टाकली, सगळ्यांची एकत्र. तुझ्या बायकोला माहीत होतं की. इथे उभी होती समोर."

मी त्याच्याकडे बघितलं नाही, रुफिनाकडे बघितलं. तिने मान खाली घातली. म्हणजे हिलाही माहीत. म्हणजे पाठींच्या त्या सगळ्या ओळींना माहीत. मोठं बर्फ पडलं त्याला खूप वर्षं झाली. त्या वर्षी ती एका दुपारी घरी आली, हात थंड, आणि मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, बर्फ. पुढे इतकी वर्षं ती दर रविवारी इथे येऊन रिकाम्या दगडावर फडकं पसरत होती, चुण्या काढत होती. आणि मी मागे उभा राहून ते बघत होतो आणि मनात म्हणत होतो, पोरांकडे आई आहे, बरं आहे. आणि ताप चढल्यावर तीच म्हणाली, मला पोरांपाशी ठेवा. कुठल्या पोरांपाशी. मी ज्यासाठी राजाला शिव्या देत होतो, गाडीवाल्याला, शिट्टी वाजवणाऱ्या गवंड्याला, कासियानोच्या रुमालाला, ते राजाच्या कितीतरी आधी याच चर्चने, याच झाडूवाल्याने, जागा नाही म्हणून, फावड्याने उचलून फेकलं होतं. कोणाचा हुकूमही लागला नव्हता.

मी मेलितोनची गचांडी धरली. तो म्हातारा आहे, हलका आहे. त्याने सोडवून घेतलं नाही, नुसतं म्हणाला, मार, पण आधी तुझा बाप या फरशीत कुठे आहे ते दाखव, जागा लागली की सगळेच जातात. मी सोडलं. रुफिना म्हणाली, त्याला सोडा, मला विचारा. मग मी तिला विचारलं, मला का सांगितलं नाही. तिने फडक्याची कड हातात घेतली.

"तीच म्हणाली होती, त्यांना सांगू नका. म्हणाली, ते मागे उभे राहून इथेच बघत असतात. मी मान वळवली की दरवेळी इथेच बघत असतात. मग बघू देत."

मी पाव आणि मेणबत्ती घेऊन घरी गेलो. पाव खाल्ला. तो खायचा नसतो, पाद्र्याला द्यायचा असतो, मी खाल्ला. तो आठवडा मी कोणाशी बोललो नाही. शिंग कापत राहिलो, करवत वाकडी जायची, कंगव्याचे दात तुटायचे. कासियानो आला, दार उघडलं नाही. राजांवर चिडणं सोपं होतं. ते लांब असतात आणि त्यांना आपण काही विचारू शकत नाही. पण जिच्यावर चिडायचं ती तटाबाहेर विटांमागे डोक्याच्या वर होती, आणि तिला मी कधी चिडून बोललो नव्हतो. लहानसहान भांडलो, सूप खारट झालं, लाकूड ओलं आणलं. पण हे असं कोणी करतं का? माझं दुःख तिने माझ्यापासून काढून घेतलं आणि एकटीने वाहिलं, माझ्या भल्यासाठी. न विचारता. घरातच राजा होता म्हणायचा. हे मनात आलं आणि मी हातातलं शिंग भिंतीवर फेकलं. मग ते उचलून पुन्हा कापायला घेतलं, कारण शिंग महाग आहे.

रविवारी गेलो. फरशी झाली होती. लाल विटा, एकसारख्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तुटका कोपरा नाही, लादी नाही, काही नाही. चुन्याचा ओलावा होता. मी पुरुषांत उभा राहिलो. न्हावी म्हणाला, आता बरंय, कोणी कुठेही बसा. मी बघत राहिलो, बायका आता काय करणार. त्या आल्या. दारात क्षणभर थांबल्या, खाली बघितलं. मग पहिली म्हातारी सरळ चालत गेली आणि एका जागी बसली. दुसरी तिच्या उजवीकडे एक हात सोडून. रुफिना कोकराच्या खांबापाशी. कोणी कोणाला विचारत नव्हतं. एकीने बसून शेजारणीकडे बघितलं, जरा मागे सरकली, पुन्हा बसली. थोड्या वेळात सगळ्या ओळी पूर्वी होत्या तशा झाल्या, विटांखाली दगड दिसत असल्यासारख्या. आणि बाजूच्या वेदीपाशी, भिंतीपासून थोडी आत, एक जागा सुटली. एका तरुण बाईने तिथे बसायला परकर आवरला, तिला शेजारणीने मनगटाला धरून पलीकडे बसवलं.

मी टोपी न्हाव्याच्या हातात दिली आणि बायकांमधून चालत गेलो. असं कोणी जात नाही. पाय कुठे ठेवावा कळत नव्हतं, त्यांनी परकर आवरून वाट दिली. मी त्या सुटलेल्या जागी खाली बसलो. मेलितोन दोन ओळींपलीकडून हाताने खुणा करत होता, मागे जा, मागे जा. वेदीवरून पाद्र्याने बघितलं आणि पुस्तकाकडे मान फिरवली. माझ्याकडे पाव नव्हता, मेण नव्हतं. खाली कोणी नव्हतं, ना पोरं, ना ती. वीट थंड होती. मी विटेवर हात ठेवला आणि बोलायला लागलो.

"तुला काय वाटलं, मी मोडून पडलो असतो?" मी म्हटलं. आवाज पहिल्यांदा हळू होता. "एवढी वर्षं. एकटीने. मला साधं सांगायचं होतंस, बर्फाच्या दिवशी सांगायचं होतंस. मी तुझ्याबरोबर त्या मागच्या खड्ड्यावर आलो असतो. आपण दोघं मिळून रडलो असतो, तेवढंही दिलं नाहीस मला." मग माझा आवाज चढला, मला तो आवरता आला नाही. मी तिला सगळं बोललो, थंड हातांबद्दल बोललो, खोटं बोलल्याबद्दल बोललो, पोरांपाशी ठेवा म्हणाल्याबद्दल बोललो. मेलितोन उठून माझ्याकडे यायला निघाला. तेव्हा रुफिनाने तोंडातल्या तोंडात चाललेली जपमाळ मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. तिच्या शेजारणीने उचलली, मग पुढच्या ओळीने, मग सगळ्यांनी, वेळ नसताना, मिस्सेच्या मध्येच. पाद्री वेदीवर थांबून राहिला. मेलितोन ओळींमध्ये अडकला, एकही परकर त्याच्यासाठी सरकला नाही. त्या आवाजाखाली, कोणाला एक शब्द ऐकू न जाता, मी माझ्या बायकोशी पोटभर भांडलो.